खानापूरच्या वखारीतला मीटरगेज डबा: एका जतनकामाची हकिकत

खानापूरहून लोंढ्याकडे जाताना रस्त्याला लागून एक बंद पडलेली लाकडाची वखार आहे. तिच्या आवारात मीटरगेजचा एक लाकडी डबा आहे. चाकं नाहीत, बोगी (चाकं बसवलेले खालचे गाडे) नाहीत, बफरही काढून नेलेले. लोखंडी अंडरफ्रेमसकट, म्हणजे तळाच्या सांगाड्यासकट, सगळं धड जांभ्या चिऱ्यांवर टेकवलेलं. वखारीच्या जुन्या मालकांनी तो १९९०च्या दशकात, इथली लाइन ब्रॉडगेज होत असताना, रेल्वेच्या लिलावात घेतला तो सागवानासाठी. फोडून त्याच्या चौकटी आणि फळ्या करायच्या होत्या. ते राहून गेलं. मालक वारले, वखार थांबली, आणि आता त्यांच्या मुलाला त्या जागेत पर्यटकांसाठी चार खोल्या आणि खानावळ काढायची आहे. डबा त्याला दर्शनी भागात, लाल रंगात चकचकीत हवा होता. मी बेळगावात जुन्या वाड्यांच्या आणि देवळांच्या लाकूडकामाची दुरुस्ती करतो, म्हणून त्यानं, म्हणजे आताच्या मालकानं, मला बोलावलं.

हे प्रकरण इतकं सविस्तर लिहितोय, कारण आपल्या भागात अजून असे डबे, डब्यांचे तुकडे, दारं, बाकं लोकांच्या परड्यात आणि गोठ्यात पडलेली आहेत. ती वाचवायची इच्छा झाली की पहिला हात रंगाच्या डब्याकडे जातो, आणि तिथेच अर्धं नुकसान होऊन बसतं. माझं मत सरळ आहे. आधी पाणी थांबवा, मग सांगाडा सरळ करा, आणि रंगाला हात लावायचाच असेल तर अगदी शेवटी लावा. डब्यानं आयुष्यभर जे काम केलं त्याची नोंद रंगाच्या थरांत, झिजलेल्या उंबऱ्यात आणि दारावरच्या आकड्यांत आहे. दुसरीकडे ती कुठेही मिळणार नाही.

डब्यानं स्वतःबद्दल दिलेली माहिती

सुरुवातीला कशालाच हात न लावता नुसतं बघितलं, मोजलं, फोटो काढले. डब्याच्या एका टोकाला गार्डची खोली आणि सामानाची जागा, उरलेला भाग प्रवाशांचा. गार्डच्या खोलीत हँडब्रेकचं चाक अजून आहे, गंजून घट्ट बसलेलं. व्हॅक्यूमचं घड्याळ, म्हणजे ब्रेकच्या नळीतला दाब दाखवणारं, कुणीतरी कधीच काढून नेलंय, पण ते जिथं होतं तिथं भिंतीवर जुन्या रंगाचा स्वच्छ गोल उरलाय आणि त्याभोवती तीन स्क्रूची भोकं. बसायच्या जागेखाली झडपेची एक पेटी आहे, प्रवाशांची कुत्री ठेवायची. पोराटोरांना डब्यातली सगळ्यात आवडलेली वस्तू तीच.

प्रवासी भागातल्या एका खिडकीच्या पितळी खिटीवर ‘एम अँड एस एम’ अशी इंग्रजी अक्षरं ओतलेली आहेत. मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे ही कंपनी १९०८ मध्ये दोन जुन्या कंपन्या एकत्र होऊन झाली आणि १४ एप्रिल १९५१ रोजी सदर्न रेल्वेत विलीन झाली. म्हणजे खिटी या दोन सालांमधली. एवढ्यावरून डबाही त्याच काळातला असं लगेच लिहायचं नाही, हे मालकाला समजावून सांगावं लागलं. हुबळीच्या कारखान्यात ओव्हरहॉलिंगला गेलेल्या डब्यांच्या खिट्या, कड्या, बिजागऱ्या एकमेकांत बदलायच्या. भंगारात गेलेल्या डब्याचं पितळ चांगल्या डब्याला लागायचं. कारखानदाराची पाटी असती तर प्रश्नच नव्हता. अंडरफ्रेमच्या लांब तुळईवर तिची लंबगोल सावली आणि रिव्हेटची दोन भोकं तेवढी आहेत. पण सांगाडा पूर्ण सागवानाचा, बाहेरून सागवानी तक्ते आणि सांध्यांवर पट्ट्या, अंडरफ्रेमखाली ताणसळ्या (ताणून बसवलेल्या लोखंडी सळ्या), छपरावर कॅनव्हास. पेरांबूरचा इंटिग्रल कोच कारखाना १९५५ मध्ये सुरू झाल्यावर पोलादी डब्यांचं युग आलं, त्याच्या बरीच आधीची ही बांधणी आहे. खिटी आणि बांधणी दोन्ही एकाच बाजूला बोट दाखवतात, म्हणून नोंदीत ‘बहुधा १९५१ पूर्वीचा’ असं लिहिलं.

आता लाइनबद्दल, कारण तिच्याशिवाय डबा कळत नाही. पुण्याहून मिरज, बेळगाव, लोंढा असा हा रस्ता सदर्न मराठा रेल्वेनं १८८०च्या दशकात मीटरगेजनं टाकला. दोन रुळांत एक मीटर अंतर, ब्रॉडगेजमध्ये ते १,६७६ मिलिमीटर. लोंढ्याहून फाटा कॅसलरॉकला आणि तिथून पोर्तुगीज हद्दीतल्या रेल्वेनं थेट मुरगाव बंदराला. १९७१ पर्यंत पुणे–मिरज–कोल्हापूर रुंद झालं आणि मिरजेला विलक्षण अवस्था आली: एकाच गावात ब्रॉडगेज, मीटरगेज आणि लातूरकडे जाणारी बार्शीची नॅरोगेज, तिन्ही. मुंबई-पुण्याहून येणाऱ्या बेळगावकराला मिरजेत उतरून, वळकट्या आणि ट्रंका डोक्यावर घेऊन छोट्या गाडीत चढावं लागायचं. आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, मिरजेचा तो फलाट आठवतो. छोट्या गाडीत जागा धरायला आधी पोराला खिडकीतून आत टाकायचे आणि मग बाप दारानं यायचा. आपला डबा अशाच गाड्यांतला.

त्याचा सगळ्यात बोलका पुरावा प्रवासी भागाच्या दारावर मिळाला. दाराच्या बाहेरच्या अंगाला वर्गाचा आकडा रोमन पद्धतीनं काढलेला आहे, म्हणजे उभ्या रेघा. दिसतात दोन. पण रेघा दाराच्या मध्यावर नाहीत, डावीकडे सरकलेल्या आहेत. उजवीकडच्या मोकळ्या जागेवर बोट फिरवलं की रंगाखाली उंचवटा लागतो. तिथं तिसरी रेघ आहे. तिसरा वर्ग १९७४ मध्ये बंद झाला, त्यालाच दुसरा वर्ग म्हणायला लागले. बाकं तीच, पंखे तेवढेच, गर्दी तीच. रंगाऱ्यानं एका रेघेवर ब्रश फिरवला आणि डब्याचा वर्ग वाढला. माझ्या मते या अख्ख्या डब्यात याहून मोलाचं काही नाही, आणि मालकाला हवा होता तसा नवा रंग दिला असता तर पहिल्या तासात गेलं असतं ते हेच.

त्यानंतरचं आयुष्य आतल्या बाजूला आहे. प्रवासी सेवेतून काढल्यावर अशा डब्यांना लगेच भंगारात टाकत नसत. इंजिनिअरिंग खात्याकडे देत आणि गँगच्या, म्हणजे रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीच्या, लोकांना राहायला कॅम्प डबा करत. या डब्यातली मधली काही बाकं उपटून तिथं जमिनीवर पत्रा ठोकलाय, त्यावर चूल मांडायचे. वरचं छत धुरानं काळं. भिंतीला खिळे, खिळ्यांच्या खाली तेलकट डाग, डोकं टेकून बसल्याचे. आणि एका खांबावर पेन्सिलीनं दुधाचा हिशोब: वरच्या ओळी कानडी आकड्यांत, खालच्या देवनागरी आकड्यांत, दोन वेगळ्या हातांच्या. लाइन रुंद करायला आलेल्या माणसांनी मीटरगेजच्या या डब्यात मुक्काम केला असणार. काम संपलं तेव्हा डब्याला जायला रूळच उरले नव्हते. म्हणून तो लिलावात निघाला.

वाकलेला सांगाडा

मालकाची पहिली तक्रार दारांची होती. एकही दार नीट लागत नव्हतं. सुतारानं दोन दारांना खालून रंधा मारून झालाही होता. लोंढ्याला कॅरेज-वॅगनमध्ये, म्हणजे डब्यांची देखभाल करणाऱ्या खात्यात, नोकरी करून निवृत्त झालेले एक मामा आहेत, त्यांना आम्ही आणलं. त्यांनी दाराकडे बघितलंच नाही. डब्याच्या एका टोकाला उकिडवे बसून तुळईवरून दुसऱ्या टोकाकडे नजर लावली आणि म्हणाले, “दाराला रंधा मारू नकासा. दार बरोबर हाय. डबा वाकलाय.”

बरोबर होतं. धावत्या डब्याचा भार दोन ठिकाणी पडतो, जिथं बोगीचे पिव्हट, म्हणजे डबा बोगीवर टेकतो ते खुंट, असतात तिथं. दोन्ही टोकं पिव्हटच्या पलीकडे मोकळी लोंबतात आणि मधला भाग ताणसळ्या उचलून धरतात. अंडरफ्रेम त्या हिशोबानंच घडवलेली असते. वखारीत डबा उतरवताना मात्र चिरे दोन टोकांना लावले होते, आणि मधे आधार म्हणून एक लाकडी ओंडका. ओंडका कुजला. ताणसळ्यांचे नट गंजून ढिले पडले. मधला भाग खाली बसला आणि दारांच्या चौकटी काटकोनातून गेल्या. टेकू चुकीच्या जागी असल्यावर कितीही दारं तासा, पुढच्या वर्षी पुन्हा अडकणारच.

पिव्हटची जागा शोधायला त्रास पडला नाही, अंडरफ्रेमवर जाड पट्ट्यांची बैठक तशीच आहे. तिथं खाली काँक्रीटचा पाया घालून जांभ्याचे दोन ओटे बांधले. मग जॅक. इथं मामांचा शब्द शेवटचा होता. सागवान वर्षानुवर्षं वाकून त्या आकाराला सरावलेलं असतं. एका दिवसात सरळ करायला गेलात तर खांबांची कुसं भोकांतून निसटतात किंवा सरळ मोडतात. म्हणून जॅकचा अगदी थोडा फेरा द्यायचा, पाचर मारायची, आणि काही दिवस सोडून द्यायचं. रात्री लाकूड करकरतं, त्याला घाबरायचं नाही. टेकूची जागा बदलली आणि ताणसळ्यांचे नट साफ करून पुन्हा आवळले, एवढ्यानं बहुतेक वाक निघाला. सगळा निघाला नाही, आणि आम्ही काढायचा हट्टही धरला नाही. रंधा न मारलेली दारं आपसूक लागायला लागली. मारलेल्या दोन दारांच्या खाली आता फट आहे, तिथं जुन्या सागवानाची पट्टी जोडावी लागली.

ओट्यांच्या आणि अंडरफ्रेमच्या मधे गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची टोपी घातली, कडा बाहेर काढून खाली वाकवलेली. खानापूरच्या जमिनीत वाळवी किती आहे हे इथल्या माणसाला सांगायला नको. वाळवी त्या कडेला वळसा घालताना मातीची नळी उघड्यावर काढते आणि ती झाडताना दिसते. औषध मारण्यापेक्षा हा उपाय टिकाऊ, कारण तो रोज डोळ्यांनी तपासता येतो.

पाण्याची वाट

कणकुंबी-आमगावकडच्या डोंगरातला पाऊस खानापूर-लोंढ्यापर्यंत पोचताना थोडा ओसरतो, तरी लाकडाचा जीव घ्यायला पुरेसा राहतो. डब्याचं छप्पर असं: वळणदार सागवानी कमानी, त्यावर फळ्या, फळ्यांवर सफेद्यात (शिशाच्या पांढऱ्या रंगात) भिजवून ताणलेला कॅनव्हास. कॅम्पच्या काळात कुणी त्यावर डांबरी कागद चिकटवलेला. तो फाटला की पाणी कॅनव्हासच्या खाली शिरतं आणि दिसत नाही. फळीवरून कडेच्या पन्हळीत, तिथून खांबाच्या आतून खाली, आणि शेवटी तळाच्या आडव्या लाकडात. हे आडवं लाकूड अंडरफ्रेमच्या लोखंडावर बसवलेलं असतं. दोघांच्या मधे पाणी साठतं. लोखंड गंजून फुगतं, लाकूड कुजतं. खांब वरून ठणठणीत वाजतात आणि तळाशी वीतभर भुसा झालेला असतो. आम्ही बोटानं दाबलं तर बोट आत गेलं.

मालकानं काळजीपोटी डब्यावर निळी ताडपत्री टाकून खालपर्यंत दोरीनं आवळली होती. हेतू चांगला, परिणाम वाईट. आतला ओलावा बाहेर पडायला वाट राहिली नाही, दिवसा उन्हानं वाफ धरली, रात्री ती ताडपत्रीला लागून लाकडावर ठिबकली. लाकडातलं पाणी २० टक्क्यांच्या वर बराच काळ राहिलं की बुरशी धरते. पावसाळा संपून महिने गेले तरी तळाच्या लाकडात ओलावा मोजायचा मीटर त्याच्या वरच दाखवत होता, आणि ताडपत्रीखालच्या बाजूला सगळ्यात जास्त.

इथं निर्णय घ्यायचा होता, आणि खर्चाचा सगळ्यात मोठा वाटा इथंच गेला. कॅनव्हास आधी बदलायचा की डब्यावर वेगळं छप्पर घालायचं? मी वेगळ्या छपराच्या बाजूनं होतो. डब्याला कुठंही न चिकटलेले लोखंडी खांब, त्यावर पत्रा, चारी बाजू उघड्या, आणि पश्चिमेकडची पाखी चांगली खाली उतरवलेली, कारण मृगानंतरच्या सरी तिकडूनच आडव्या येतात. शेतात रोप लावणाऱ्या बाईच्या पाठीवर इरलं असतं तसं: वरून पाणी लागत नाही, खालून वारा खेळतो. मालकाला हे पटायला वेळ लागला. “अहो, डबा झाकला तर रस्त्यावरून दिसणार कसा?” त्याचा प्रश्न धंद्याच्या दृष्टीनं रास्तच होता. शेवटी पत्रा उंचावर घेऊन रस्त्याकडची बाजू पूर्ण उघडी ठेवली, आणि तिकडून सर येत नाही हे त्यानं एका पावसाळ्यात स्वतः बघितलं. त्या एका पावसाळ्यात दुसरं काहीही केलं नाही. फक्त लाकूड सुकू दिलं.

मग खांबांचे पाय. कुजलेला भाग तेवढाच तिरका कापून काढला आणि तिथं जुन्या सागवानाचा तुकडा जोडला. या कामाला लागणारं जुनं लाकूड वखारीतच पडलेलं होतं, हे आमचं भाग्य; नवं सागवान जुन्याबरोबर सारखं हलत नाही. प्रत्येक नव्या तुकड्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या अंगाला पटाशीनं दुरुस्तीचं वर्ष कोरलं. उद्या कुणी उघडून बघेल तर मूळ कुठलं आणि आमचं कुठलं हे त्याला कळलं पाहिजे. स्क्रू पितळेचे वापरले, लोखंडी स्क्रू गंजले की सागवान आतून काळं पडतं. आमचा मेस्त्री धारवाडकडचा, कानडी बोलणारा. रोज संध्याकाळी तो काढलेला प्रत्येक जुना स्क्रू आपापल्या भोकाच्या नंबरच्या डबीत टाकायचा, न सांगता. असा माणूस मिळाला म्हणून काम झालं.

कॅनव्हासला अजून हात लावलेला नाही. वरून पाणी थांबलंय, घाई नाही.

घासलेली बाजू आणि राखलेली बाजू

मी पोचण्याआधीच एका रंगकाम ठेकेदारानं रस्त्याकडची पूर्ण भिंत ग्राइंडर लावून उघडी सागवानी केली होती. फोटोत छान दिसतं. जवळ गेलं की तक्त्यांवर चक्राचे गोल ओरखडे, पट्ट्यांच्या कडा गोलावलेल्या, आणि लाकडाची मऊ रेष खोल गेलेली. त्या बाजूच्या दारांवरचे आकडे गेले, डब्याचा नंबर गेला. उघडं लाकूड पाणी पिऊन करडं पडलं.

याहून गंभीर गोष्ट तिथल्या धुळीची. जुन्या रेल्वेच्या रंगात शिसं भरपूर असायचं: लोखंडाला शेंदूर, लाकडाला सफेदा. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ मध्ये लागू झाली, त्यावरून जुन्या थरांचं काय ते ओळखावं. ते कोरडं घासलं की बारीक धूळ श्वासातून आत जाते, मातीत बसते. घासणारी पोरं नाकाला रुमालही न बांधता काम करत होती, आणि शेजारी जनावरं बांधलेली. जुना रंग काढायलाच लागला तर पाणी मारून, ओला ठेवून, पत्तीनं खरवडायचा, खाली प्लास्टिक अंथरून सगळा चुरा गोळा करायचा, लहान मुलांना आसपास फिरकू द्यायचं नाही. आम्ही भिंतीखालची वीतभर माती काढून वेगळी बंद करून ठेवली.

दुसरी, मागची बाजू शाबूत होती. तिथं बोटभर जागेत पायऱ्या केल्यासारखा एकेक थर उघडून बघितला. सगळ्यात वर कॅम्पच्या काळातला करडा. त्याखाली मरून रंगाचे थर, एकावर एक, मधे मधे धुळीची रेघ. सगळ्यात खाली लाकडाला लागून वार्निश. अंधार पडल्यावर टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरका उजेड टाकला, तेव्हा करड्या रंगाखालून ‘द म’ अशी अक्षरं उठून आली. दक्षिण मध्य रेल्वे २ ऑक्टोबर १९६६ रोजी झाली आणि हुबळी विभाग तिच्याकडे गेला. म्हणजे हा डबा त्यानंतरही रंगून, क्रमांक लावून धावत होता. मद्रास-मराठा कंपनीची खिटी, दक्षिण मध्यची अक्षरं, गँगमनच्या चुलीचा धूर. आज त्याच लाइनचा कारभार २००३ पासून दक्षिण पश्चिम रेल्वे बघते. पाच कारभाऱ्यांच्या हाताखालून गेलेली ही लाइन आहे, आणि त्यातल्या दोघांच्या खुणा या एका डब्याच्या आत-बाहेर सापडतात.

मालकाशी खरा वाद इथं झाला. “सर, लोकं येणार ती चकचकीत बघायला येणार की. करड्या भिंतीसमोर फोटो कोण काढणार?” तडजोड त्या ग्राइंडरच्या नुकसानीतूनच निघाली. रस्त्याकडची बाजू गेलीच आहे, तिथं बेलतेल (जवसाचं तेल) देऊन, अस्तर मारून मरून रंग द्यायचा, मागच्या बाजूला मिळालेल्या थराशी जुळवून. फोटो तिथं काढा. मागच्या बाजूला ब्रश लागणार नाही, फक्त सुटणाऱ्या पापुद्र्यांच्या कडा चिकटवायच्या. आता डब्याला प्रदक्षिणा घातली की दोन्ही बाजू लागोपाठ दिसतात, आणि पाहुणे मागच्या बाजूला जास्त रेंगाळतात. तिथं बोटांनी तिसरी रेघ चाचपायला मिळते.

धुराचं छत धुवायचं नाही हेही लिहून घेतलं. चुलीचा पत्रा, खिळे, पेन्सिलीचा हिशोब तसाच. तो भाग आणि गार्डची खोली फक्त बघायची. उरलेल्या प्रवासी भागात, जिथं कॅम्पवाल्यांनी फ्लोअरिंग आधीच बदललं होतं, तिथं बसून चहा घेता येतो. स्वयंपाक डब्यात नाही, गॅस नाही, एसी नाही. जुनं वार्निश प्यालेलं वाळकं सागवान पेटलं तर बंब खानापूरहून येईपर्यंत काही उरणार नाही. दिव्यांची नवी वायर जुन्या लाकडी पट्टीतून न नेता वेगळी, वरून, काढता येईल अशी नेली. जुनी वायरिंग डायनॅमोच्या काळातली आहे. एक्सलवरच्या पट्ट्यानं डायनॅमो फिरायचा आणि खालच्या पेटीतल्या बॅटऱ्या भरायच्या. ती पेटी वखारीत इतकी वर्षं पाने आणि करवती ठेवायला वापरली, म्हणून टिकली.

फलकावरचा मजकूर

घरात एक समजूत होती: गांधीजी बेळगावच्या काँग्रेसला याच डब्यातून आले. ती फलकावर मोठ्या अक्षरांत लिहायची होती. डिसेंबर १९२४ चं अधिवेशन बेळगावात झालं, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली झालेलं ते एकमेव, आणि रेल्वेनं बेळगावला यायचं तर मीटरगेजशिवाय रस्ता नव्हता. इतकं खरं आहे, आणि इतकंच लिहिलं. या डब्याचं नाव त्या प्रवासाशी जोडणारा कागद नाही, तेव्हा जोडायचं नाही. मालकाच्या आईंनी हे सगळ्यांच्या आधी मान्य केलं. त्या म्हणाल्या, “आमी लग्नानंतर माहेराला अशाच डब्यातनं जायचो, ते लिवा. ते खरं हाय.” ते लिहिलं.

दुसरी मागणी ‘डेक्कन क्वीन’ची पाटी लावायची होती, ओळखीचं नाव म्हणून. १९३० पासून मुंबई-पुण्यादरम्यान धावणारी ती ब्रॉडगेजची गाडी. हा डबा त्या रुळांवर उभाही राहू शकला नसता. त्याऐवजी मिरज, कुडची, घटप्रभा, बेळगाव, खानापूर, लोंढा, कॅसलरॉक अशी स्टेशनांची ओळ लावली, कानडीत आणि मराठीत. कॅसलरॉकच्या पुढं ब्रागांझा घाट, चढ ३७ ला १. अशा उतारावर गाडीचा भरवसा व्हॅक्यूम ब्रेकवर असे: नळीत निर्वात असेतो ब्रेक सुटे, कपलिंग तुटून हवा शिरली की सगळ्या डब्यांचे ब्रेक एकदम आवळले जातात. गार्डच्या खोलीतलं ते हाताचं चाक त्याच्या जोडीला. हे मामा पाहुण्यांना चाकावर हात ठेवून सांगतात तेव्हा लोक चहा विसरतात.

म्हैसूरच्या रेल्वे संग्रहालयात महाराणींचा सलून आहे, १८९९ चा, आणि तो जपलाच पाहिजे. पण ज्यातून आपली माणसं बाजाराला, बाळंतपणाला, मराठा रेजिमेंटच्या भरतीला बेळगावला गेली, ते तिसऱ्या वर्गाचे डबे फळ्यांच्या भावानं फुटले. म्हणून माझा या करड्या भिंतीवर इतका जीव आहे.

सध्याची स्थिती अशी. तळाचं लाकूड आता भर पावसाळ्यातही २० टक्क्यांच्या खाली राहतं. टेकूंची पातळी दर दिवाळीनंतर मोजायची, ताणसळ्यांचे नट त्याच वेळी बघायचे. मृगाच्या आधी पन्हळी साफ करायच्या आणि वाळवीच्या नळ्या झाडायच्या. हे काम मालकाच्या मुलीनं वहीत तारीख घालून अंगावर घेतलंय. मागच्या भिंतीवर दुपारचं ऊन थेट पडतं, तिथं गोणपाटाचे पडदे लावायचे आहेत. छपराच्या कॅनव्हासचा एक तुकडा नमुना म्हणून जपून ठेवलाय, त्याच जाडीचं कापड मिळालं की ते काम काढू. हँडब्रेकचं चाक फिरतं करायचं का, यावर मामा आणि मी अजून एकमेकांना पटवतोय. त्यांना ते फिरायला हवं आहे. गंजाखाली दांड्याचा आटा शिल्लक आहे का, हे तेल मुरवत ठेवून बघायचं ठरलंय, जोर न लावता.